शंभर काजांचा कोट

नवऱ्याचा लाल कोट नणंदेच्या अंगावर चढू नये, एवढ्यासाठी मी माझ्या पोटच्या पोराला समुद्री चाचा बनवायला घेतलं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्या. आमच्या हार्कर्स आयलंडच्या बाजूला ज्यांनी ऑक्टोबरातला छापा पाहिलाय, ते हसणार नाहीत.

छापा म्हणजे आमच्या टोळीचा. दरवर्षी आम्ही गलबत खाडीच्या तोंडाशी नांगरतो आणि तीनशे वर्षांपूर्वीचे चाचे होऊन किनाऱ्यावर उतरतो. बाहेरगावचे लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघायला येतात. त्यांना आम्ही डिंगबॅटर म्हणतो, तोंडावरसुद्धा. त्यांना वाटतं चाचा म्हणजे एका डोळ्यावर पट्टी आणि फाटकी चिंधी. आमच्यात चिंधी चालत नाही. धागा, टाका, बटण, सगळं तेव्हाचं लागतं, आणि दिसणारी प्रत्येक शिवण हाताची. शिलाई मशीनचा एक टाका सापडला तरी माणूस गलबतावर चढत नाही, मग तो मेयर असो की पाद्री.

माझा नवरा टेल्फर्ड गिलिकिन या टोळीचा कप्तान होता. मार्चमध्ये जाळी वाळत घालताना छातीत कळ आली आणि तिथेच बसला तो उठलाच नाही. त्याची कपड्यांची पेटी मागे राहिली. पेटीत सगळ्यात वर तो कोट.

आता त्या पेटीचं काय होतं ते सांगते. खलाशी मेला की त्याची पेटी डोलकाठीपाशी उघडायची आणि कपडे टोळीतल्या टोळीत लिलावात काढायचे, ही जुन्या दर्यावर्दी लोकांची खरी रीत. टेल्फर्डने ती आमच्यात आणली, फक्त पैशाची बोली काढून टाकली. तो म्हणायचा, पैसा कुणीही फेकतो, लूरीन, काज करायला बूड टेकून बसावं लागतं. म्हणून आमच्यात बोली काजांची. ज्याची बोली जास्त, त्याने विधवेच्या घरी येऊन, तिच्या डोळ्यांसमोर तेवढी काजं हाताने करायची. ती विधवेने पास करायची. शेवटचं पास झालं की कपडा त्याचा. जुन्या पद्धतीच्या कोटाला गळ्यापासून घेरापर्यंत काजंच काजं असतात, त्यामुळे टोळीसाठी कोट शिवणाऱ्या बाईचं हिवाळ्याचं अर्धं काम आपोआप होतं. नियम चांगलाच आहे. विधवेला स्वतः बोली लावता येत नाही, आणि बोली लावणाऱ्याने त्या दिवशी कपड्यांची तपासणी पार करून गलबतावर उभं असावं लागतं, हेही चांगलंच. मला तोवर त्यात काही खोट दिसली नव्हती.

खोट दिसली ती चर्चच्या दारात. टेल्फर्डला पुरायच्या दिवशी त्याची धाकटी बहीण व्हेल्डा माझ्याजवळ आली. उंच, हाडकुळी, ऑक्टोबरात पुरुष होऊन छाप्यात उतरते आणि उरलेलं वर्ष पुरुषांना नावं ठेवते.

"त्याला लाल कोटात झोपव," ती म्हणाली.

"सूट घातलाय त्याला. रविवारचा."

"सुटात तो विमेवाला दिसतोय."

"कोट डोलकाठीला जाणार. नियम तुझ्या भावाचाच आहे."

तिने जरा विचार केला. दुःखातही ही बाई विचार करते. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी बोली लावेन. ऑक्टोबरात नवा कप्तान निवडायचाय, आणि मी उभी राहणार आहे. कोट माझ्या मापाचा करून घेते."

"कापशील?"

"पाठ आणि बाह्या. बाकी राहू देईन."

राहू देईन म्हणे. तो कोट म्हणजे दोन हिवाळे. बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, आली होती कोरी, मेंढीच्या रंगाची. मंजिष्ठाच्या लाल रंगात ती बुडवली व्हेल्डाने, खेकडे उकडायच्या भांड्यात, आणि रंग चांगला आला हे मी तेव्हाही म्हटलं होतं, पुन्हा म्हणणार नाही. पण बेतला मी, शिवला मी. टेल्फर्डचा डावा खांदा उजव्याहून खाली होता, लहानपणापासून वल्ही मारून मारून. तो मी पाठीत असा जिरवला की कोट घातला की माणूस ताठ दिसायचा. ती पाठ ही बाई कापणार होती.

वेंडेल माझा मुलगा. चाळिशी उलटलेला, बोटींच्या गाद्या आणि ताडपत्र्या शिवायचा धंदा. विशीच्या आत असताना टोळीत होता, मग म्हाताऱ्यांचा पोरखेळ म्हणून सोडून गेला. मी त्याला फोन करून बोलावलं, जेवायला म्हणून. माशाचा रस्सा आणि मक्याची भजी पोटात गेल्यावर सांगितलं.

"नाही," तो म्हणाला.

"तू उभा राहायचंस, बोली लावायचीस, काजं मी तुला शिकवीन. मी पास करणार म्हणजे करणारच."

"ममा, आत्यालाच घेऊ दे ना. तिने रंगवलाय."

"आणि तुझ्या बापाच्या पाठीवर कात्री चालवू दे."

"ती त्याची पाठ नाहीये. कोट आहे."

मी त्याच्या पुढ्यातली बशी उचलली. तो अजून खात होता. "उभा राहा," मी म्हटलं, "माप घेऊ दे."

बापाचे कपडे त्याला घालता येत नव्हते, तेही लिलावातच होते. म्हणून सगळं नव्याने करायला घेतलं. सदरा सोपा असतो, सगळे चौकोन आणि काखेत एक कळी, कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. बंडी केली निळ्या-पांढऱ्या चौकटीची. टोपी विणून गरम पाण्यात आपटून आपटून घट्ट केली, इतकी की ओली झाली तरी पाणी डोक्यात उतरणार नाही. जोडे दोन्ही पायांना सारखेच, डावा-उजवा नाही. ते घालून वेंडेल स्वयंपाकघरात बदकासारखा फिरला आणि मला वाईट वाटलं नाही.

अडलं ते तुमानीवर. त्या काळची तुमान गुडघ्याखाली बांधलेली आणि बसायच्या जागी ढगळ, चुण्यांनी भरलेली. ढगळ का, तर तेव्हा कापड ताणत नसे. माणसाला वाकायचं, उकिडवं बसायचं, दोरखंड ओढायचे, तर मागे तेवढं कापड लागतंच.

वेंडेलने आरशात मागे वळून पाहिलं. "ममा, हे तान्ह्या पोराच्या ओल्या लंगोटासारखं दिसतंय."

"तेव्हाचे पुरुष स्वतःचं मागचं बघत नव्हते."

"तेव्हाचे पुरुष माझ्या गिऱ्हाइकांसमोर उभे नव्हते. अर्धा तालुका येतो तिथे."

"तू बोली लावायला जातोयस, नवरा व्हायला नाही."

तो काही बोलला नाही. मला तिथेच कळायला हवं होतं. या घरातले पुरुष बोलायचे थांबले की समजायचं, काहीतरी चाललंय. कपडे बांधून तो घरी घेऊन गेला. घालून सवय करतो म्हणाला.

छाप्याच्या सकाळी वारा सोडला तर सगळं ठीक होतं. एरवी धक्क्यावर कपड्यांची तपासणी मी करते. माझ्या बोटांतून सुटलेला टाका अजून जन्माला यायचाय. पण ज्या दिवशी नवऱ्याची पेटी उघडते त्या दिवशी विधवेने तपासायचं नाही, असंही टेल्फर्डनेच ठरवलेलं. त्या माणसाला नियमांची भारी हौस. माझ्या जागी टोळीने व्हेल्डाला बसवलं. तिच्या शेजारी कंदिलात मेणबत्ती जळत होती, धागा तपासायला. लिनन जळलं की राख होते, पॉलिएस्टर जळलं की त्याची गोळी होते. तेवढं डिंगबॅटरलासुद्धा शिकवता येतं.

वेंडेल रांगेत आला तेव्हा मी आधी त्याच्या मागे पाहिलं. तुमान मागून गुळगुळीत दिसत होती. गाद्या शिवणाऱ्याने शिवल्यासारखी.

व्हेल्डाने त्याची टोपी हातात घेऊन फिरवली, परत दिली. सदऱ्याची कळी पाहिली, बंडीची काजं उलटी करून पाहिली. "काम छान आहे," ती म्हणाली, त्याला, मला नाही. "कसा आहेस, वेंडेल?"

"बरा आहे, आत्या."

"बायको?"

"तीही."

"छान. आता खाली बस बघू. उकिडवा. दोर ओढतोयस समज."

तो बसला.  तो पूर्ण खाली गेला, हात पुढे करून दोर ओढल्याचं नाटक केलं, पुन्हा उठला. काही झालं नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. वेंडेलने माझ्याकडे बघून हनुवटी उचलली, बघ म्हणून.

व्हेल्डा मात्र खुर्चीवरून उठली. "इतकी घट्ट," ती म्हणाली, "आणि फाटली नाही?"

मलाही त्याच क्षणी कळलं. हाताने लिननच्या दोऱ्यात शिवलेली तुमान इतकी घट्ट असेल आणि त्याच्यासारखा भरलेला माणूस उकिडवा बसेल, तर ती धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी फाटली पाहिजे. न फाटणं हाच पुरावा. शिवण तुटली असती तर फार तर लोक हसले असते, आणि मी तिथेच चार टाके घालून त्याला गलबतावर चढवलं असतं.

व्हेल्डाने त्याला पाठमोरा केलं, कंबरेची पट्टी दोन बोटांनी उलटी केली, सुईच्या टोकाने एक दोरा उचलून तोडला आणि मेणबत्तीवर धरला. दोरा आक्रसला आणि काळी गोळी झाली. तिने ती गोळी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली नाही. फक्त मला दाखवली.

"बोटींच्या गाद्यांचा दोरा आहे हा," ती म्हणाली. "भक्कम असतो."

"कंबर थोडी आत घेतली फक्त," वेंडेल पुटपुटला.

"कुणी घेतली?"

"मीच. दुकानात."

"आईला विचारलंस?"

त्याने टोपी कपाळावर ओढली.

मी पुढे झाले. "दहा मिनिटं द्या. उसवते आणि हाताने घालते."

"रांगेत आल्यावर दुरुस्ती नाही," व्हेल्डा म्हणाली. "लूरीन, हे तूच मला शिकवलंस. माझ्या पहिल्या वर्षी. माझ्या मोज्याची टाच मशीनची होती, आणि मी दिवसभर किनाऱ्यावर लिंबूपाणी विकत बसले होते."

खरं होतं. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं आणि आत्ताही वाटत नाही. टाच मशीनचीच होती.

वेंडेल माझ्याजवळ आला. "ममा, मला माहीत नव्हतं ती आतून बघेल."

"तू गाद्या शीव," मी म्हटलं. "माणसं फक्त बसतात त्यांच्यावर, उलटून बघत नाहीत."

त्यानंतर तो माझ्याशी नाताळपर्यंत बोलला नाही, आणि मी त्याच्याशी.

लिलाव डॅलस साल्टरने केला. एकेकाळी तो तंबाखूच्या बाजारात बोली पुकारायचा, आता खेकडे पकडतो, पण आवाज तोच. डोलकाठीपाशी पेटी उघडली. टेल्फर्डचे सदरे गेले, मोजे गेले, कमरपट्टा गेला. एकेकाने तीन-चार काजांची बोली लावली आणि माझ्याकडे बघून टोपी काढली. मी गलबतावर, कठड्याला टेकून उभी होते. विधवेला तेवढी जागा असते.

मग डॅलसने कोट वर धरला. वाऱ्याने तो भरला आणि क्षणभर आत माणूस असल्यासारखा दिसला. मी दुसरीकडे पाहिलं.

"बारा," कुणीतरी म्हणालं. एक दातांचा डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी टोळीत आलेला. "पंधरा," दुसरा म्हणाला.

"शंभर," व्हेल्डा म्हणाली.

डॅलसने हात खाली केला. "व्हेल्डा, अगं, पंधराला हरवायला सोळा पुरेत."

"शंभर. ऐकू आलं नाही का?"

"तुला काजं येतात का?"

"तिला येतात," ती माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाली. "शिकवेल. किंवा नाही शिकवणार."

दोन दिवसांनी मतदान झालं आणि ती कप्तानही झाली. कोट मात्र माझ्याच कपाटात होता. काजं पूर्ण होईपर्यंत तो विधवेचाच.

ती दर मंगळवारी दुपारी यायची. स्वतःची उशी आणायची, कारण माझ्या खुर्च्या तिला टोचतात. मी तिच्यापुढे कोटांच्या पट्ट्या ठेवायचे, मेण लावलेला पिळाचा रेशमी दोरा ठेवायचे, आणि समोर बसायचे. चहा द्यायचे नाही. नियमात चहा नाही.

काज म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आधी कापड कापायचं, कडा उलटू नये म्हणून भोवती टाके टाकायचे, मग एकाशेजारी एक गाठीचे टाके, सगळ्या गाठी एका उंचीवर, एका ओळीत, दात लावल्यासारख्या. एक गाठ मागे पडली तर बटण त्याच जागी अडतं.

तिची पहिली काजं मी छोट्या कात्रीने सरळ कापून टाकली.

"हे काज नाही," मी म्हटलं. "हे उंदराने कुरतडलंय."

"तुझ्या घरात उंदीर आहेत असं टेल्फर्ड म्हणायचा."

"टेल्फर्ड तुझ्या केकबद्दल काय म्हणायचा ते सांगू?"

"सांग. माझं तोंड मोकळं आहे, हात नाहीत."

पुढच्या मंगळवारीही कापली. त्याच्या पुढच्याही. नाताळच्या सुमारास व्हेल्डा कापलेली काजं पाकिटात भरून डॅलसकडे घेऊन गेली, म्हणजे ही बाई मुद्दाम करते की काय ते बघ म्हणून. डॅलसने म्हणे खिडकीशी जाऊन बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, काजं वाईटच आहेत, व्हेल्डा, आणि चांगली असती तरी शब्द विधवेचा. तो स्वतःच माझ्याकडे येऊन हे सांगून गेला आणि एक टोपली खेकडे ठेवून गेला.

मला मग हिशोब स्पष्ट दिसला. मी नाही म्हणत राहिले तर कोट या कपाटातून जन्मात जाणार नव्हता. छापा येईल, जाईल, कप्तान तिच्या जुन्या तपकिरी बंडीतच उभी राहील. ती येत राहील, मी कापत राहीन. मी त्या विचाराने छान झोपले.

जानेवारीत, खाडीवर धुकं होतं तेव्हा, तिने एक काज माझ्यापुढे सरकवलं. चष्मा कपाळावर ढकलून डोळे चोळत बसली. तिची बोटं सुईने भोकं पडून लाल झाली होती.

मी ते उलटं केलं. उलट्या बाजूने सरळ होतं. गाठींवरून नख फिरवलं, नख कुठेच अडलं नाही. दोन्ही टोकांचे आडवे टाके ओढून पाहिले. मी ते खिडकीकडे नेलं, परत आणलं. कात्री माझ्या दुसऱ्या हातात होती.

खोटं बोलता आलं असतं. तिला कळलं असतं, पण तिला काय करता आलं असतं? डॅलसने तर शब्द माझाच म्हणून सांगून ठेवलेलं. पण शर्टाच्या कारखान्यात मी मशीनवर आणि घरी हातावर, आयुष्यभर काजंच केली. शाळा सातवीत सुटली, सही करायला मला अजून वेळ लागतो. माझ्याकडे आहे ते एवढंच, की लूरीन गिलिकिनने चांगलं म्हटलं तर ते चांगलं असतं. मी एकदा चांगल्याला वाईट म्हटलं की मग माझ्या सगळ्या शब्दांची किंमत त्या उंदराच्या काजांएवढी. आणि तेही व्हेल्डासाठी? एवढी किंमत मोजावी एवढी ती मोठी कधीच नव्हती.

मी ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. "पुढचं," मी म्हटलं.

"म्हणजे हे पास?"

"पुढचं म्हटलं ना."

त्यानंतर सगळीच पास झाली असं नाही. रागाने केलेली कळायची, ती मी कापली. पण टेबलाच्या त्या टोकाचा ढीग वाढत गेला. मार्च आला, टेल्फर्डला जाऊन वर्ष झालं, त्या मंगळवारीही ती आली आणि मी पट्ट्या पुढे ठेवल्या. वेंडेल एकदा येऊन दारातूनच बघून गेला. आत्याने त्याला हात केला. मी केला नाही.

मे महिन्यात शंभराला थोडीच कमी होती तेव्हा ती एक मोठी पिशवी घेऊन आली. त्यातून तिने कापड कापायची लांब कात्री काढून टेबलावर ठेवली. नवी होती, दुकानातली चिठ्ठी अजून लटकत होती.

"ती परत पिशवीत घाल," मी म्हटलं.

"आज नाही कापत. बघून ठेवायचाय. काढ तो."

"शेवटचं काज झाल्यावर."

"मग त्या दिवशी. लूरीन, मी सांगून ठेवते. तू रड, ओरड, दार लाव. कोट माझा होणार आणि मी तो कापणार. माझे खांदे त्याच्यासारखे नाहीत. त्याच्या पाठीत मी पोत्यातल्या मांजरीसारखी दिसेन आणि सगळी टोळी हसेल."

"हसू दे."

"तुझ्या शिवणीला हसतील. नाव तुझं आहे त्यावर, माझं नाही."

मी कपाटाकडे गेले. किल्ली माझ्या गळ्यातच असते. कोट काढला, टेबलावर पालथा घातला, पाठ वर. व्हेल्डाने हात पुढे केला आणि त्या डाव्या खांद्याच्या जागी, जिथे मी उतार जिरवला होता, तिथे बोटं ठेवली.  मी तिला हात काढ म्हटलं नाही, जरा वेळ.

मग म्हटलं, "मधली शिवण आधी उसवायची असते. तू बाजूने कापशील, घेर ओढला जाईल, आणि शिवणीवर जुळवलेली रंगाची छटा विसकटेल. ती छटा पुन्हा जुळत नाही. तुझ्या त्या कात्रीने तर नाहीच."

"मग कशाने?"

"माझ्या. आणि माझ्या हाताने. तुला लागेल तेव्हा घालशील, पण सुई-कात्री तू लावायची नाहीस."

"मी तुला विचारलेलं नाही."

"मीही तुला विचारत नाहीये. काजं पुरी कर. तोवर माप घेते. उभी राहा, हात वर."

ती उभी राहिली. मी कागदाची पट्टी तिच्या पाठीवर लावली, खांद्यापासून खांद्यापर्यंत, आणि खूण केली. या बाईच्या अंगाला मी कधी हात लावला नव्हता. लग्नातसुद्धा आम्ही दुरूनच मान हलवली होती. तिची पाठ टेल्फर्डएवढीच रुंद निघाली. फक्त सरळ होती.

"पोट आत ओढू नकोस," मी म्हटलं. "खोटं माप देऊन उगाच माझं काम वाढवशील."

"ओढलेलं नाही."

"मग देव तुझं भलं करो."

शेवटची काजं तिने त्याच आठवड्यात केली. मी सगळी पास केली, एक सोडून, आणि ते तिने तिथेच पुन्हा केलं. मग मी पाठीची मधली शिवण उसवायला घेतली. टाका इतका घट्ट होता की सुईचं टोक आत शिरेना. व्हेल्डा खिडकीशी वाकून बघत होती, नाक जवळजवळ बनातीला लागलेलं.

"सरक तिथून," मी म्हटलं. "उजेड अडवतेस."